दंगल कधी सुरू होते? : 'नसीम' आज पाहताना

सईद अख्तर मिर्झा यांच्या 'नसीम' (१९९५) या सिनेमात दंगल नाही. सिनेमा १९९२च्या मुंबईतला आहे, पण त्यात पेटलेल्या बस नाहीत, तलवारी नाहीत, गल्लीतून धावत येणारा जमाव नाही. एक मध्यमवर्गीय मुस्लिम घर आहे. अंथरुणाला खिळलेले आजोबा, त्यांच्याकडून गोष्टी काढून घेणारी शाळकरी नात नसीम, आई-वडील, तरुण भाऊ मुश्ताक, आणि घरात एक टीव्ही. काळ जून ते डिसेंबर एवढाच. ६ डिसेंबरला अयोध्येत बाबरी मशीद पाडली जाते आणि त्याच दिवशी आजोबा जातात. तिथे सिनेमा संपतो.

मुंबई पेटली ती त्यानंतर. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ अशा दोन टप्प्यांत मिळून ९०० माणसं मेली, अशी नोंद श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. म्हणजे दंगलीवरचे बाकीचे सिनेमे जिथे सुरू होतात, तिथे मिर्झा थांबतात.

इथे गेवराईत अकरावी-बारावीच्या काही मुलांना मी हा सिनेमा लॅपटॉपवर दाखवला. अर्धा झाला असेल, तेव्हा एकाने विचारलं, "पण दंगल कधी सुरू होणार?" बाकीचे हसले. मला मात्र तो प्रश्न नेमका वाटला, कारण मिर्झांनी सिनेमा त्याच प्रश्नावर बेतला आहे. दंगल सुरू झालेलीच आहे. पहिल्या दृश्यापासून ती त्या घरात येते आहे. ती दिसत नाही, ऐकू येते.

मूल रडवण्यासाठी वापरणं

१९९५ साली मुंबईच्या दंगलीभोवतीचे दोन सिनेमे आले. एक 'नसीम'. दुसरा मणिरत्नमचा 'बॉम्बे'. दुसरा तुम्ही नक्की पाहिला असेल, निदान रहमानची गाणी तरी ऐकली असतील.

'बॉम्बे'त हिंदू बाप आणि मुसलमान आई यांची जुळी मुलं आहेत. कबीर नारायण आणि कमाल बशीर. दंगलीत जमाव त्यांना गाठतो, अंगावर रॉकेल ओततो आणि विचारतो, हिंदू की मुसलमान? हे दृश्य पाहताना पोटात गोळा येतो. पुढे मुलं हरवतात, आई-बाप वेड्यासारखे शोधत फिरतात आणि शेवटी मुलं सापडतात. रस्त्यावर माणसं हातात हात धरून साखळी करतात.

मणिरत्नम मोठा दिग्दर्शक आहे आणि त्या काळात असा सिनेमा काढायला धाडस लागत होतं, हे मान्य. पण त्या दोन मुलांकडे नीट बघा. त्यांना काही मत नाही, कुतूहल नाही, त्यांच्यात काही बदलत नाही. ती फक्त निरागस आहेत. मोठ्यांनी हाणामारी करायची, मुलांनी मध्ये सापडायचं आणि आपण रडायचं. रडून झालं की हलकं वाटतं. थिएटरातून बाहेर पडताना आपण सगळेच मुलांच्या बाजूचे असतो. जमावातला एकही जण आपल्यासारखा नसतो.

मुलाची निरागसता अशी मोठ्यांच्या सोयीची होते. मुलाला काही कळत नाही असं ठरवलं की त्याला काय कळलं हे विचारायची गरज उरत नाही.

मराठीत ही सोय मोडली नागराज मंजुळेने. 'फँड्री'तला संघर्ष धर्माचा नाही, जातीचा आहे, पण मुद्दा तोच. जब्याला सगळं कळतं. आपल्याला कुठे उभं केलं जातं, कोण हसतंय, शालूच्या समोर डुक्कर धरायची वेळ येणं म्हणजे काय, सगळं. म्हणून शेवटचा दगड थेट पडद्यातून आपल्याकडे येतो. जब्याला बघून डोळे पुसायची मुभाच तो सिनेमा देत नाही.

नसीम दगड मारत नाही. तिचा स्वभाव वेगळा, घर वेगळं. पण ती जब्याच्याच रांगेतली आहे. तिलाही कळतं. तिला ते कसं कळत जातं, हे मिर्झा सहा महिन्यांच्या काळात दाखवतात.

एका घरातले दोन आवाज

'नसीम' एकदा कानाने पाहावा. त्या घरात दोन ठिकाणांहून आवाज येतो. एक आजोबांच्या खाटेवरून, दुसरा टीव्हीतून.

आजोबांचा आवाज कैफी आझमींचा. शायर कैफी पडद्यावर नट म्हणून दिसले ते या भूमिकेमुळे. १९७३मध्ये त्यांना पक्षाघात झाला होता, त्यामुळे खाटेवरच्या माणसाचं जड झालेलं अंग त्यांना ओढूनताणून आणावं लागलं नाही. ते हळू बोलतात. थांबतात. फाळणीआधीच्या आग्र्याच्या गोष्टी सांगतात, थट्टा करतात, नातीचं हसणं ऐकून स्वतः हसतात. त्यांच्या गोष्टीत तुम्ही मध्येच प्रश्न विचारू शकता. नसीम विचारतेही.

टीव्हीला प्रश्न विचारता येत नाही. तिथून अयोध्येच्या बातम्या येत राहतात. आधी घरातलं कुणी फारसं लक्ष देत नाही. मग जेवताना बोलणं तुटायला लागतं. मग घरात कोण आलंय त्यावर आवाज ठरायला लागतो. मुश्ताकचा मित्र ज़फर (के. के. मेनन, तेव्हा अगदी नवा) येतो तेव्हा खोलीतली हवाच बदलते. तो चिडलेला आहे. त्याला आता समजूतदारपणाचा कंटाळा आला आहे.

या दोन आवाजांच्या मध्ये नसीम राहते. शाळेत जाते, मैत्रिणींबरोबर खिदळते, घरी येऊन आजोबांजवळ बसते. मिर्झा तिला कुठल्याही मोठ्या प्रसंगात ढकलत नाहीत. कुणी तिला गाठत नाही, तिच्या अंगावर कुणी रॉकेल ओतत नाही. फक्त एक गोष्ट हळूहळू होते. जूनमध्ये तिला दोन आवाजांपैकी आजोबांचा जवळचा वाटतो आणि टीव्हीचा लांबचा. डिसेंबरपर्यंत टीव्हीचा आवाज घरातला होतो आणि आजोबांचा पुसट होत जातो. मोठं होणं म्हणजे तिच्यासाठी हेच. बाहेरचे लोक ज्या नावाने आपल्याबद्दल बोलतात, ते नाव आपलंच आहे हे तिच्या लक्षात येतं.

नसीम म्हणजे पहाटेची झुळूक. सिनेमाभर ती झुळूक एका बंद होत चाललेल्या घरात फिरत राहते. दारं कुणी बाहेरून लावत नाही, घरातलीच माणसं एकेक करून लावून घेतात. भीती अशीच काम करते. मला या सिनेमातलं हे सर्वांत खरं वाटतं, आणि दंगल दाखवली असती तर ते हरवून गेलं असतं. आग दिसली की आपण आगीकडे बघतो. ती लागण्याआधी घरात बोलणं कधी कमी झालं, हे कुणी आठवत नाही.

झाड आणि बोट

'नसीम'मधली एक गोष्ट पाहणारा कुणी विसरत नाही. फाळणीच्या वेळी पाकिस्तानात का गेलो नाही, याचं आजोबा उत्तर देतात. घरासमोर एक झाड होतं आणि ते आजीला फार आवडायचं, म्हणून.

इतकंच. घटना नाही, गांधी नाही, देशप्रेमाचं भाषण नाही. एक झाड. पहिल्यांदा पाहताना हसू येतं. नंतर लक्षात येतं की या उत्तराला खोडता येत नाही. देशप्रेमाचा पुरावा मागणाऱ्याला तुम्ही पुरावा दिलात की तो आणखी मागतो. झाड आवडत होतं म्हटल्यावर तो काय मागणार? आपण सगळे जिथे राहतो तिथे याच असल्या कारणांनी राहतो. गेवराईत मी का राहतो, हे मला कुणी कागदावर लिहून मागितलेलं नाही. मुश्ताकला आणि ज़फरला ते रोज मागितलं जातंय, हा फरक आहे.

इथे दुसऱ्या एका सिनेमाची आठवण काढतो. केनेथ ब्रानाचा 'बेलफास्ट' (२०२१) तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ऑगस्ट १९६९, उत्तर आयर्लंड, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक शेजारी राहतात अशी एक गल्ली. नऊ वर्षांचा बडी लाकडी तलवार आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण घेऊन खेळतोय, आणि समोरून जमाव येतो. दोन मिनिटांनी तेच झाकण धरून त्याची आई दगड चुकवते. खेळण्यातली ढाल खरीखुरी ढाल होते.

दोन्ही सिनेमांचा सांगाडा जवळपास सारखा आहे. मूल, आजोबा, गल्ली, टीव्ही आणि जायचं की राहायचं हा प्रश्न. दोन्हीत शेवटाकडे आजोबा मरतात. 'बेलफास्ट'मधला एक प्रसंग तर मला 'बॉम्बे'च्या सगळ्या आगीपेक्षा मोलाचा वाटतो. गर्दी दुकान लुटते, बडीही तिच्यात ओढला जातो आणि कपडे धुवायच्या पावडरचा पुडा घेऊन घरी येतो. आई त्याला फरफटत परत नेते, पुडा जागेवर ठेवायला लावते. मूल इथे निरागस राहिलेलं नाही. जमावात आपण किती सहज मिसळतो, हे त्याला कळलं.

पण 'बेलफास्ट'मध्ये एक दार उघडं आहे. बडीच्या वडिलांना इंग्लंडात काम आहे आणि शेवटी कुटुंब निघून जातं. ब्राना स्वतः लहानपणी असाच गेला. म्हणून त्या सिनेमाच्या कृष्णधवल चित्रांत इतकी माया आहे. सोडून आलेल्या गावाची आठवण नेहमीच जरा जास्त सुंदर असते. नसीमच्या घराला असं दार नाही. जायचं होतं ते १९४७ला, आणि तेव्हा झाड आडवं आलं. १९९२मध्ये प्रश्न 'जायचं का' हा नाहीच. राहायचं हे ठरलेलं आहे, कसं राहायचं हे विचारलं जातंय. आपल्याकडच्या बहुतेकांचा प्रश्न नसीमचा आहे, बडीचा नाही.

आग्रा इतकं गोड होतं का?

'नसीम'ला दोष आहेत. तो काही ठिकाणी टीव्ही मालिकेसारखा सपाट दिसतो. गाडी मुद्दाम संथ आहे, आणि संथपणाची किंमत काही प्रसंग चुकवत नाहीत. घराबाहेरची हिंदू माणसं तर बहुतेक येऊन जाऊन आहेत. मिर्झांनी 'सलीम लंगड़े पे मत रो'मध्ये (१९८९) मुंबईची गल्ली जशी नसानसांत उभी केली होती, तशी इथे नाही.

मोठा आक्षेप आग्र्याचा. आजोबांच्या आठवणीतलं आग्रा फार गोड आहे. तिथे शायरी आहे, थट्टा आहे, झाड आहे. पण १९४७पूर्वीही भांडणं होती, जातीपाती होत्या. असा सोन्याचा भूतकाळ दाखवला की पाहणाऱ्याला वाटतं, पूर्वी सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते, मध्येच कुणीतरी बिघडवलं. हे खरं नाही आणि उपयोगाचंही नाही.

मिर्झांना हे ठाऊक असावं. म्हणून ज़फर आहे. आजोबांच्या आठवणींना न भुलणारा माणूस त्यांनी त्याच घरात आणून बसवला. ज़फरला आग्रा नको आहे, आज दुपारी रस्त्यावरून चालताना कसं वाटलं ते बोलायचं आहे. आजोबा आणि ज़फर यांच्यात सिनेमा निवाडा करत नाही. पण नसीम दोघांचं ऐकते, आणि माझ्या मते सिनेमाचा तोल तिथे सांभाळला जातो.

या सिनेमाला १९९५चे दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. दिग्दर्शनाचा मिर्झांना आणि पटकथेचा मिर्झा व अशोक मिश्रा यांना. त्यानंतर मिर्झा बराच काळ कथापटांपासून लांब राहिले. हा सिनेमा आपण मृत्युलेखासारखा केला, असं त्यांचं म्हणणं. कैफींनी ६ डिसेंबरवर 'दूसरा बनवास' ही नज़्म लिहिली. तिच्यात अयोध्येला परतलेला राम पुन्हा वनवासाला निघतो. असा कवी पडद्यावर त्याच तारखेला मरतो, हे पाहताना नट आणि पात्र वेगळे ठेवता येत नाहीत.

आमच्याकडचे आजोबा

नसीमची भूमिका करणारी मयूरी कांगो औरंगाबादची, म्हणजे आमच्या मराठवाड्यातली. पुढे तिचा 'पापा कहते हैं' (१९९६) आला आणि लोकांना ती त्यातल्या गाण्याने लक्षात राहिली. मुंबईतल्या मुस्लिम घरातली मुलगी मराठवाड्यातल्या मराठी मुलीने इतकी सहज उभी केली, याचं मला नवल वाटत नाही. आमच्याकडे दोन्ही भाषा बाजारात एकाच तोंडातून येतात. भाजीवाली मराठीत भाव सांगते आणि दखनीत घासाघीस करते. निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ला संपलं, बोलीतलं त्याचं मिश्रण संपलं नाही.

पण त्या वर्षाबद्दल आमच्या घराघरांत जे सांगितलं जातं, ते 'नसीम'च्या आजोबांसारखं नाही. आमच्याकडे गोष्ट अर्धी-अर्धी वाटून घेतलेली आहे. हिंदू घरांत रझाकारांची गोष्ट आहे. धान्य कसं लपवलं, बायकांना रात्री शेतात कसं नेलं, कुणाचं घर जाळलं. ती खरी आहे, लोकांनी भोगलेली आहे. मुसलमान घरांत पोलीस ॲक्शननंतरची गोष्ट आहे, आणि ती बहुधा कुजबुजत सांगतात. पंडित सुंदरलाल आणि काज़ी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने १९४८च्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. एकूण २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. त्याखालोखालच्या चार जिल्ह्यांत बीडचं नाव आहे. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

शाळेत आम्ही १७ सप्टेंबरला झेंडावंदन केलं, भाषणं केली. दुसरी गोष्ट कुणी सांगितली नाही. शेजारच्या घरातल्या मुलाला बहुधा दुसरीच सांगितली गेली, पहिली नाही. आम्ही एका बाकावर बसलो आणि दोन वेगळी १९४८ घेऊन मोठे झालो.

म्हणून 'नसीम' मला इथे, या तालुक्यात जास्त लागतो. त्यातल्या आजोबांचं आग्रा फार गोड आहे, हे मी वर म्हटलंच. पण घरातला प्रश्न ते टाळत नाहीत. का गेलो नाही, हे त्यांनी सांगितलं. आमच्या घरांत प्रश्न विचारायचीच पद्धत नाही, आणि जिथे घर गप्प बसतं तिथे गोष्ट सांगायला कुणीतरी दुसरा येतो.

आता टीव्ही खिशात आहे

३० मार्च २०२५ला पाडवा होता आणि दुसऱ्या दिवशी ईद. त्या पहाटे गेवराई तालुक्यातल्या अर्धामसला गावात मशिदीत जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट झाला. सुदैवाने कुणी दगावलं नाही. दोन तरुणांना अटक झाली. खरंखोटं न्यायालय ठरवेल. मी इथे फक्त सकाळचं सांगतो. गुढ्या उभारून व्हायच्या आत व्हिडिओ, फोटो आणि मेसेज सगळ्यांच्या फोनवर होते. त्यात एक व्हिडिओ हातात जिलेटिन धरलेल्याचा, इन्स्टाग्रामवरून फिरलेला. दुपारपर्यंत प्रत्येक ग्रुपवर घटनेचं वेगळं कारण होतं, आणि बहुतेक जण एकाच प्रकारच्या ग्रुपवर होते.

नसीमच्या घरात टीव्ही एक होता. बातम्या लागल्या की सगळे एकत्र ऐकायचे. वडील नाराजीने उठून जायचे, मुश्ताक कुरकुरायचा, आजोबा एखादं वाक्य टाकायचे. विष येत होतं, पण येताना सगळ्यांसमोर येत होतं. नसीम टीव्हीकडे बघता बघता आजोबांच्या चेहऱ्याकडेही बघू शकत होती. आज त्याच घरातल्या पाच माणसांच्या हातात पाच फोन आहेत आणि कानात इयरफोन. पंधरा वर्षांच्या मुलाने काय ऐकलं, हे बाजूला बसलेल्या बापालाही कळत नाही. त्याने ऐकताना कुणाचा चेहरा पाहिला? कुणाचाच नाही.

'नसीम' जुना झाला असं कुणी म्हणालं तर मी एवढंच म्हणेन की त्यातली टीव्हीची जागा बदलली. दोन आवाजांपैकी एक इतका जवळ आला की थेट कानात गेला, आणि दुसरा, खाटेवरचा, त्या मानाने आणखी लांब पडला. हा लेखही तुम्ही बहुधा फोनवरच वाचत असाल, तेव्हा फोन फेकून द्या असलं काही मी सांगणार नाही. सिनेमा मात्र बघा, आणि शक्य झालं तर एकट्याने बघू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा. सिनेमा संथ आहे, मध्ये बोलायला भरपूर जागा आहे.

१९४८ला दहा वर्षांचं असलेलं माणूस आता नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. आमच्या तालुक्यात अशी माणसं अजून आहेत, दोन्ही बाजूंची, आणि दोघांकडे अर्धी-अर्धी गोष्ट आहे. त्यांना विचारायला फार वेळ उरलेला नाही.